मत्स्यखाद्य म्हणून सैनिक माशीच्या अळ्या

गोड्या पाण्यातील माशांच्या खाद्यातले फिशमील (वाळवलेल्या माशांची भुकटी) किंवा सोयापेंड काही प्रमाणात कमी करून त्याजागी कीटकांच्या अळ्या देण्याची पद्धत. यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजेच सैनिक माशी (हर्मेशिया इल्युसेन्स) सर्वाधिक पाळली जाते. घरमाशीसारखा तिचा उपद्रव नाही : प्रौढ माशी चावत नाही, अन्नावर घोंगावत नाही, जेमतेम आठवडाभर जगते. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २५ ते ३५ टक्के चरबी असते. अळीला काय खायला घातले त्यानुसार हे आकडे हलतात.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ सोडले जातात. तळाला प्लॅस्टिक असल्याने पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, प्लवंग (माशांचे नैसर्गिक खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) कमी धरतात आणि वरच्या खाद्यावर भिस्त वाढते. तरीही भाताचा कोंडा नि शेंगपेंड यांवर भागणाऱ्या या कार्प माशांपेक्षा, प्रथिनयुक्त गोळी खाद्यावर वाढणाऱ्या तिलापिया आणि पंगस या माशांनाच अळीचा खरा फायदा होतो.

संगोपन सोपे असले तरी बेफिकिरी चालत नाही. ६० × ४० सेंमीच्या कॅरेटमध्ये पाच दिवसांच्या सुमारे १०,००० अळ्या सोडून १५ किलो ओला कचरा दोन-तीन हप्त्यांत घालतात. साधारण १२ दिवसांत अळ्या काढणीला येतात. कचरा बारीक केलेला हवा. ओलावा ६० ते ७० टक्के, तापमान २७ ते ३० अंश. चिखल झाला की अमोनियाचा वास सुटतो आणि अळ्या कॅरेटबाहेर चढतात. थर जाड झाला की आत उष्णता साठून त्या मरतात. मुंग्यांसाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवावेत. बाजार समितीतला भाजीपाला उत्तम. उसाचे पाचट मात्र त्यांना पचत नाही. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागेचा कचरा फवारणीची माहिती असल्याशिवाय घेऊ नये, कीटकनाशकाचा अंश अळीलाही मारतो.

अंड्यांचे गणित वेगळे. सैनिक माश्यांचे मीलन उजेडात होते. पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही, तेव्हा योग्य दिव्यांशिवाय अंडी मिळत नाहीत. मादी कचऱ्यात नव्हे, त्याच्या वासाजवळच्या कोरड्या फटीत अंडी घालते, म्हणून लाकडी पट्ट्या एकमेकींवर बांधून ठेवतात.

काढणी अळी पांढुरकी असतानाच करावी. काळपट झालेली अळी आपणहून कोरड्या जागी चढते, त्यामुळे गोळा करायला सोयीची. पण तिची त्वचा टणक होते आणि त्यातले कायटिन (कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ) माशाला नीट पचत नाही. कायटिनमध्येही नायट्रोजन असल्याने नायट्रोजनला नेहमीच्या ६.२५ या गुणकाने गुणून काढलेली प्रथिने फुगीर दिसतात.

ताजी अळी थेट टाकता येते, फक्त वजनात फसगत होते. तिच्यात दोन तृतीयांश पाणी असते. २०० ग्रॅमचे १,००० मासे म्हणजे २०० किलो. ३ टक्क्यांप्रमाणे रोजचे कोरडे खाद्य ६ किलो. यातले १ किलो कमी करायचे तर सुमारे ३ किलो ताज्या अळ्या लागतात. साठवणीसाठी मिनिट-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून कडक वाळवतात. अर्धवट वाळलेल्या अळीला बुरशी येते, चरबी खवट होते.

गोळी खाद्य करताना चरबी दाबून काढणे बरे. ती जास्त राहिली तर गोळी नीट फुगत नाही, तरंगण्याऐवजी बुडते. अळीत मेथिओनिन (प्रथिनांतले एक आवश्यक अमिनो आम्ल) कमी आणि चरबीत लॉरिक आम्ल (एक संपृक्त मेदाम्ल) भरपूर, ओमेगा-३ मेदाम्ले नगण्य. त्यामुळे फिशमील एकदम बंद न करता आधी त्याचा चौथा हिस्सा बदलून पाहावा आणि दर १५ दिवसांनी नमुन्याला मासे काढून वजन तपासावे.