ऑडिओमेट्री रूमचे माप : 11 सेंटिमीटरची चूक आणि आमची आजची पद्धत

कान-नाक-घसा तज्ज्ञ, रुग्णालये आणि श्रवणचाचणी केंद्रांसाठी

ऑडिओमेट्री रूम म्हणजे श्रवणचाचणीसाठी खोलीच्या आत उभी केलेली दुसरी, आवाजबंद खोली. बाहेरच्या भिंतीला ती कुठेच टेकत नाही. खाली रबराचे पॅड, चारही बाजूंना मोकळी फट. भिंती 10 सेंटिमीटर जाड पॅनेलच्या : बाहेरून पत्रा, मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), आतून भोकांचा पत्रा. पॅनेल आमच्या भोसरीच्या शेडमध्ये मापाबरहुकूम तयार होतात. तुमच्याकडे ती फक्त जोडली जातात. म्हणजे जागेवरचे माप चुकले की पुढचे सगळेच चुकते. आमच्याकडून ते एकदा चुकले आहे, आणि कसे चुकले हे काम देण्याआधी तुम्हाला माहीत असावे असे आम्हाला वाटते.

एका रुग्णालयात रूम जोडून झाली. डॉक्टरांची मुख्य अट होती की रुग्णाची चाकाची खुर्ची आत पूर्ण वळली पाहिजे. त्यासाठी 150 सेंटिमीटर मोकळी जागा लागते. टेप लावली तर रुंदी भरली 139. लांबीही 11 सेंटिमीटरने कमी. उंची मात्र बरोबर. पहिली शंका गिलाव्यावर गेली. पण गिलावा वाकडा असता तर फरक जागोजागी वेगळा पडला असता. इथे तो दोन्हीकडे सारखाच होता. उंची टेपने घेतलेली, लांबी-रुंदी लेझर मीटरने. तिथेच उलगडा झाला. लेझर मीटरने पुढच्या कडेपासून मोजायचे की मागच्या, हे त्यात ठरवता येते. आधीच्या कामावर ते पुढच्या कडेवर ठेवले होते आणि तसेच राहिले. इथे मीटरची मागची बाजू भिंतीला टेकवून माप घेतले गेले. मीटरची स्वतःची लांबी 11 सेंटिमीटर. तेवढेच माप कमी आले. बाहेरची फट नेहमीपेक्षा रुंद दिसत होती, ती जोडतानाच आमच्या नजरेत यायला हवी होती.

मधे 11 सेंटिमीटरच्या पट्ट्या घालून रूम वाढवता आली असती. आम्ही ते केले नाही. प्रत्येक जादा जोड ही आवाज आत यायची वाट असते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जरी उघडे राहिले, तरी भिंत कितीही भारी असो, आवाज 20 डेसिबलच्या पलीकडे अडत नाही. आणि आत आवाज असला की 250 आणि 500 हर्ट्झचे हलके सूर त्यात बुडतात. रुग्णाला ते ऐकू येत नाहीत, आणि कान चांगला असूनही ऑडिओग्रामवर, म्हणजे चाचणीच्या आलेखावर, दोष उमटतो. हाडावाटे होणाऱ्या चाचणीत तर कान उघडाच असतो, हेडफोनचाही आडोसा नसतो. एखाद्या मुलाला गरज नसताना श्रवणयंत्र लागण्याची वेळ आमच्या पट्टीमुळे यावी, हे आम्हाला मान्य नव्हते.

म्हणून रूम उकलली. चारही भिंतींतले एकेक पॅनेल, छत आणि खालची फ्रेम नव्याने केली. खर्च आमचा. नंतर एसी चालू ठेवून आणि लिफ्ट वर-खाली करवून आतला आवाज प्रत्येक वारंवारता-पट्ट्यात वेगळा मोजला, आणि तो तक्ता डॉक्टरांच्या हाती दिला.

आता मीटर आधी 1 मीटरच्या स्टीलपट्टीवर तपासतो, मगच भिंतीला लावतो. प्रत्येक माप दुसरा माणूस टेपने पुन्हा घेतो. दोन्ही कर्ण मोजतो; ते सारखे नसतील तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. फॉल्स सीलिंग असेल तर ते उघडून बीम आणि पाइप किती खाली आले आहेत ते बघतो, कारण आतले छत बीमला टेकले तर इमारतीची थरथर सरळ आत येते.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. गिलावा आणि फरशी पूर्ण झाल्यावरच आम्हाला मापाला बोलवा. आणि त्या दिवशी एक चाकाची खुर्ची जवळ ठेवा. रूमचे आतले माप आम्ही फरशीवर खडूने आखतो. त्या रेघांच्या आत खुर्ची वळवून बघा, मगच ड्रॉइंगवर सही करा.