ड्रिल का सरकते? पंचाच्या खळग्यातील भूमिती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान वर्कशॉपमध्ये अलीकडे एक शिकाऊ मुलगा लोखंडी फ्लँजवर (पाइप जोडायच्या भोकांच्या चकतीवर) स्केचपेनने टिंबे देऊन थेट ड्रिल लावताना दिसला. सहापैकी दोन भोके जागेवरून सरकली आणि फ्लँज भंगारात गेला. पंच (हातोडीने ठोकून धातूवर खळगा पाडायचे टोकदार हत्यार) का मारला नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "पंच खूण दिसावी म्हणूनच मारतात ना? ती पेननेही दिसते." हा समज पुष्कळांचा असतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

नेहमीच्या ट्विस्ट ड्रिलचे टोक ११८ अंशांचे असते आणि ते सुईसारखे अणकुचीदार नसते. दोन कापणाऱ्या धारांच्या मधोमध एक आखूड आडवी कड असते. तिला चिझल एज म्हणतात. १० मिलिमीटरच्या ड्रिलमध्ये ती साधारण दीड ते दोन मिलिमीटर लांब भरते. हे ड्रिल मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या बाहेरच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे १९ मीटर असतो. पण आत सरकत जावे तसा तो घटतो आणि अक्षावर शून्य होतो. त्यामुळे चिझल एज धातू कापत नाही, दाबून बाजूला लोटते. सपाट पत्र्यावर या कडेला धरायला काहीच नसते आणि ती जराशा असमतोल दाबानेही चालू लागते.

आता सेंटर पंचाचा खळगा पाहू. पंचाचे टोक ९० अंशांचे, म्हणून खळग्याची रुंदी त्याच्या खोलीच्या दुप्पट असते. ड्रिलचे ११८ अंशांचे टोक या अरुंद शंकूच्या तळाशी पोहोचूच शकत नाही. खळगा चिझल एजपेक्षा रुंद असेल, तर ती कड खळग्याच्या पोकळीत अधांतरी राहते आणि दोन्ही कापणाऱ्या धारा खळग्याच्या काठावर टेकतात. ड्रिल किंचित एका बाजूला असेल, तर त्या बाजूचा काठ आधी लागतो आणि तोच ड्रिलला मध्याकडे ढकलतो. खळगा चिझल एजपेक्षा लहान राहिला, तर कड काठांवर आडवी बसते आणि पंच मारूनही ड्रिल भटकते. म्हणूनच मोठ्या व्यासाच्या भोकासाठी आधी चिझल एजपेक्षा थोडे मोठे पायलट भोक, म्हणजे वाट दाखवणारे लहान भोक, पाडतात.

मात्र रुंद टोकाचा पंच रेघांच्या छेदावर नेमका टेकवणे अवघड असते. त्यासाठी डॉट पंच असतो. हातात घेतल्यावर दोन्ही पंच सारखेच वाटतात. टोक उजेडात धरून पाहावे, ६० अंशांचे निमुळते टोक डॉट पंचाचे. स्क्रायबरच्या (धातूवर रेघ ओढायच्या टोकदार सळीच्या) दोन रेघा जिथे छेदतात तिथे त्याचे टोक अलगद अडकल्याचे बोटांना कळते. तिथे हलका ठोका द्यावा, खूण भिंगातून पाहावी आणि मगच त्याच खुणेवर सेंटर पंच सरळ उभा धरून दणका द्यावा.

रेघ स्पष्ट उमटावी म्हणून मशीन केलेल्या पोलादावर मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणी लावण्याची जुनी रीत आहे. लोह तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने द्रावणातील तांबे पृष्ठभागावर तांबूस थर धरते आणि त्यावर स्क्रायबरची रेघ चकाकते. खडबडीत कास्टिंगला (ओतीव भागाला) खडू किंवा चुना पुरतो.

ड्रिल मोडते म्हणून मशीनला लिंबू-मिरची बांधलेली अजूनही पाहायला मिळते. खंडेनवमीला हत्यारे पुसून पूजण्यात कृतज्ञता आहे आणि ती मला प्रिय आहे. पण अमावास्येला सरकलेल्या भोकाचे कारण दोन धारांची असमान लांबी, सैल चक (ड्रिल पकडणारा जबडा) किंवा उथळ खळगा यांतच सापडते आणि ते मोजता येते.

भोक सरकते आहे हे वेळेत कळावे म्हणून डिव्हायडरने (दोन टोकदार पायांच्या कंपासने) भोकाच्या मापाचे वर्तुळ आखून त्याच्या परिघावर चार डॉट मारून ठेवतात. ड्रिलने केलेला शंकू पूर्ण व्यासाचा होण्याआधी ड्रिल उचलून पाहावे. शंकू एका डॉटकडे झुकलेला दिसला, तर ज्या बाजूला भोक न्यायचे त्या बाजूच्या शंकूच्या भिंतीवर अरुंद छिन्नीने एक खाच पाडावी आणि ड्रिल पुन्हा हळू उतरवावे. खाचेच्या बाजूला धातूचा विरोध कमी असल्याने ड्रिल तिकडे ओढले जाते. पूर्ण व्यास एकदा उतरला, की ही दुरुस्ती करता येत नाही.