थंडीत पाळीव कासव बाहेर ठेवणं

पाळलेलं कासव हिवाळ्यात घरात दिव्याखाली न आणता अंगणातल्या तळ्यात किंवा मातीतच राहू देणं, ही थंड हवामानात कासव पाळणाऱ्यांची एक पद्धत आहे. कासवाचं अंग भोवतालच्या हवापाण्याइतकंच गरम-गार होतं, त्यामुळे पारा उतरायला लागला की ते आधी खाणं कमी करतं मग फिरणं, आणि साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की जवळजवळ सगळंच थंडावतं. मराठीत याला शीतनिद्राच म्हणतात पण सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ब्रुमेशन असा वेगळा शब्द चालतो, कारण ही काही सलग गाढ झोप नाही, तळाशी बसलेलं कासव मधेच उठून थोडं सरकतं, पाणी पितं आणि परत गप्प बसतं.

सगळ्यात आधी बघायचं ते हे की कासव कुठल्या जातीचं आहे. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल, बरेचसे रेड-इअर्ड स्लायडर आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचं हर्मन हे अशा थंडीला सरावलेले. याउलट आफ्रिकेतलं सल्काटा किंवा आपलं स्टार कासव यांना शीतनिद्रा माहीतच नाही, त्यांना थंडीत बाहेर ठेवलं तर ती झोपत नाहीत, आजारी पडतात. एकाला जमलं म्हणून दुसऱ्याला जमेल असं नसतं आणि नेमका इथेच घोळ होतो. बरोबर जातीचं असलं तरी पिल्लू, नुकतंच आजारातून उठलेलं किंवा वजन कमी असलेलं कासव बाहेर ठेवू नये.

पाण्यातल्या कासवाचं गणित पाण्याच्या एका गुणावर चालतं. पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं म्हणून वर बर्फ धरला तरी तळाशी साधारण तेवढं तापमान टिकतं, आणि कासव तिथेच जाऊन बसतं. अर्थात तळं तेवढं खोल हवं, तळापर्यंत गोठेल असं उथळ टाकं असेल तर हा विषयच सोडून द्यावा. महिनोन् महिने वर न येता ते जगतं कसं तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडीतून आणि घशाच्या, शेपटीखालच्या पातळ अस्तरातून थोडा थोडा घेतं. पेंटेड टर्टल तर त्याच्याही पुढे, 3 अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन अजिबात नसतानाही ते महिनोन् महिने तग धरतं, आणि त्यात अंगात साठणारं लॅक्टिक ॲसिड मारायला चक्क स्वतःच्या कवचातलं कॅल्शियम वापरतं. कवच म्हणजे नुसतं चिलखत नाही तर अॅसिडिटीची गोळी पण आहे म्हणायचं! सगळ्या जातींना मात्र हे जमत नाही, म्हणून तळाशी कुजलेल्या पानांचा थर नको, कुजताना तो पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो.

सगळा पृष्ठभाग गोठून बंद होऊ नये म्हणून तरंगता डी-आयसर (पाणी गोठू न देणारा छोटा हीटर) किंवा छोटा एअर पंप लावतात. पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड तळाशी नाही, पृष्ठभागाजवळ ठेवायचा, नाहीतर बुडबुडे खालचं 4 अंशाचं पाणी ढवळून वर आणतात आणि तळच गार पडतं. बर्फ धरलाच तर हातोडा मारू नका, गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून ठेवलं की हळूहळू त्याच्या बुडाएवढं गोल भोक पडतं.

माझ्या मते कडाक्याच्या थंडीपेक्षा अर्धवट थंडी जास्त वाईट. 10 ते 15 अंशात कासव जागं असतं, ऊर्जा खर्च होते, पण अन्न पचत नाही, पोटात राहिलेलं तिथेच सडतं. म्हणून झोपायच्या आधी 2 ते 4 आठवडे खाणं बंद करतात, त्या दिवसात ऊन पडलं की कासव तोंड वर करून मागायला येतं आणि दया येते, पण नाही द्यायचं म्हणजे नाही. पाणी मात्र द्यायचं.

जमिनीवरच्या कासवाला भुसभुशीत माती, वर पानांचा जाड थर आणि पाणी न साचणारी जागा लागते, शिवाय उंदीर आत शिरू नये म्हणून जाळी, कारण झोपलेल्या कासवाचे पाय उंदीर कुरतडतात. तापमान शून्याखाली गेलं तर कासवाचे डोळे जातात, आंधळं झालेलं कासव मग स्वतः खात नाही. म्हणून बरेच जण मातीच्या भरवशावर न राहता खोक्यात घालून साध्या फ्रिजमध्ये 5 अंशाच्या आसपास ठेवतात आणि हवेसाठी दार अधूनमधून उघडतात. काट्यावर वजन करत राहायचं, सुरुवातीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी घट झाली किंवा खोक्यात लघवी केलेली दिसली तर उठवायचं, कारण मूत्राशयातलं पाणी हाच त्याचा हिवाळ्याचा साठा असतो.

उठल्यावर जमिनीवरच्या कासवाला खाणं पुढे करायच्या आधी हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात बसवतात. ते मान ताणून बराच वेळ पाणी पीत राहतं, कधीकधी त्याच पाण्यात साठलेली पांढुरकी घाण सोडतं. ऊब मिळूनही आठवडाभर तोंड लावलं नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठावा.