हिवतापाचा जंतू एकसारखा नसतो : नाशिकच्या निमित्ताने थोडी पार्श्वभूमी

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला. हिवताप आता गेलाच, असं बोललं जाऊ लागलं. १९७६ला रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर जाऊन बसला. खापर फुटलं ते ढिल्या फवारणीवर आणि डीडीटीला न जुमानणाऱ्या डासांवर. ते रास्तच होतं, पण जंतूही बदलत होता.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर हिवतापाच्या जंतूची फॅल्सिपेरम ही जात क्लोरोक्विन या नेहमीच्या गोळीला दाद देईनाशी झाली. भारतात हे पहिल्यांदा दिसलं १९७३ मध्ये, आसामात. पुढे जनुकं तपासल्यावर कळलं की ही प्रतिकारशक्ती पीएफसीआरटी नावाच्या जनुकातल्या बदलांमुळे येते, आणि भारतात त्याचा एकच प्रकार नाही. देशात बहुतेक ठिकाणी सापडणारा प्रकार ईशान्येकडच्या आग्नेय आशियाई प्रकारापेक्षा वेगळा आहे. म्हणजे गोळी हरली एकच, पण तिला हरवणारी घराणी निराळी. २०१०च्या औषध धोरणात फॅल्सिपेरमसाठी देशभर आर्टेमिसिनिन या औषधावर आधारित संयुक्त उपचार आले. व्हायव्हॅक्स या जंतूच्या दुसऱ्या जातीला आजही क्लोरोक्विन चालतं, सोबत यकृतात दडून बसलेल्या जंतूसाठी चौदा दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या. ताप उतरला की ते बरेच जण अर्ध्यावर सोडतात, हे आरोग्यसेवकांचं जुनं रडगाणं.

ही विविधता येते कुठून? डासाच्या पोटात जंतूच्या नर-मादी पेशींचं मीलन होतं. डासाने दोन वाणांचे जंतू एकदम प्यायले असतील तर जनुकांची सरमिसळ होऊन तिसरंच वाण निघतं. रुग्ण भरपूर असतील तिथे हे सतत चालतं. रुग्ण कमी असतील तिथे द्राक्षाच्या कलमांसारख्या एकाच वाणाच्या नकला पसरतात. त्यातून फॅल्सिपेरमकडे 'व्हार' जनुकं साठेक. रक्तपेशीवरचं प्रथिन बदलून तो शरीराच्या संरक्षणाला चकवत राहतो.

तपासणीलाही याचा फटका बसतो. आशाताईंच्या झटपट रक्ततपासणीच्या किटमधली फॅल्सिपेरमची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते. ज्या जंतूंत ते जनुकच गळालेलं असतं, त्यांच्या बाबतीत रेघ उमटत नाही आणि रुग्ण निरोगी ठरतो. असे जंतू २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन भागातून नोंदले गेले, नंतर भारतातही. अशा चुका ५ टक्क्यांवर गेल्या की किट बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता नाशिक. पेठ-सुरगाण्याची माणसं हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, काही सीमा ओलांडून गुजरातेत जातात. सिंहस्थात तर सगळा देश गोदाकाठी येतो. माणसासोबत जंतूही प्रवास करतो. देशाने २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचं ठरवलंय, त्यामुळे सुरगाण्यातला रुग्ण इथेच लागण झालेला की बाहेरून आलेला, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडणार. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर फॅल्सिपेरम की व्हायव्हॅक्स एवढंच दिसतं. गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून जनुकं वाचली, तर हा जंतू इथल्या नेहमीच्या वाणांशी जुळतो की परक्या, याचा माग काढता येतो. त्यासाठी आधी इथल्या वाणांची नोंद हवी, आणि ती रुग्ण आहेत तोवरच करता येईल.