रविवार सकाळचा मोगली डिस्नेचा नव्हता

दर सुट्टीत 'नव्वदीच्या आठवणी'वाला फॉरवर्ड फिरतो, वर 'जंगल जंगल बात चली है' आणि खाली फोटो डिस्नेच्या मोगलीचा, शेजारी ढेरी पुढे काढून नाचणारा बालू. लोक त्यावर बदाम पाठवतात, मग हौसेने पोरांना जवळ घेऊन डिस्नेचा १९६७ चा 'जंगल बुक' सिनेमा लावतात आणि थोड्या वेळाने कुरकूर सुरू, की अरे आपलं गाणं कधी येणार, शेर खानचा आवाज असा कसा, आणि लांडगे कुठे गेले सगळे? गाणं येणारच नाहीये. त्या सिनेमात ते कधी नव्हतंच. तुम्ही लहानपणी बघितलेला मोगली हा नव्हे, तो वेगळा, आणि हे दरवेळी नव्याने सांगायचा मला खरंच कंटाळा आलाय म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

डिस्नेचा सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पटकन. १९६७, जेमतेम ७८ मिनिटांचा. वॉल्ट डिस्ने स्वतः १९६६ च्या डिसेंबरमध्ये गेले, त्यांनी जातीने लक्ष घातलेल्या शेवटच्या सिनेमांपैकी हा. आधी डिस्नेचे कथाकार बिल पीट यांनी लिहिलेली गोष्ट बरीच गंभीर होती, ती वॉल्टना नको होती, त्यांना गाणी, नाच, धमाल असं हवं होतं, आणि तसंच झालं.

दूरदर्शनवर लागायचा तो जपानी. निप्पॉन ॲनिमेशनची मालिका, ५२ भागांची, जपानमध्ये १९८९ साली सुरू झालेली, आपल्याकडे हिंदीत डब होऊन १९९३ च्या सुमाराला रविवारी सकाळी आली. हिंदीसाठी शीर्षकगीत नव्याने केलं, शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचं. म्हणजे लक्षात घ्या, ते गाणं जपानी मूळ मालिकेतसुद्धा नाही, त्याच मालिकेची इंग्रजी आवृत्ती लावलीत तरी मिळणार नाही. ते फक्त हिंदीत आहे. आणि शेर खानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा.

आता हा घोळ होतो का, तर लोक विसरभोळे म्हणून नाही, त्याला कारणं आहेत. एक तर त्याच काळात दूरदर्शनवर डिस्नेचं 'टेलस्पिन' पण लागायचं, त्यात बालू विमान उडवायचा. एकाच चॅनेलवर दोन बालू, एक जंगलातला आणि एक पायलटची टोपी घातलेला, मग लहान पोरांच्या डोक्यात दोघांची सरमिसळ होणारच. आणि दुसरं कारण २०१६ चं, ते जास्त मोठं. डिस्नेने दिग्दर्शक जॉन फॅवरोचा नवा 'जंगल बुक' आणला तेव्हा भारतातल्या प्रसिद्धीसाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं तेच गाणं पुन्हा करून घेतलं, आणि हिंदी डबमध्ये शेर खानला परत नाना पाटेकर. बालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी. कल्पना उत्तम होती, मला स्वतःला तो हिंदी डब फार आवडतो, पण त्या दिवसापासून गाणं डिस्नेच्या नावावर चढलं ते चढलंच. आता यूट्यूबवर ते गाणं डिस्नेच्या चित्रांवर चिकटवलेलं सापडतं आणि त्यावर 'ओरिजिनल' असं लिहिलेलं असतं. या शब्दाचा मला भयंकर राग येतो.

बरं, कंपनी कुठली याने घरी बघताना काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. पडतो, कारण गोष्टच उलटी आहे.

डिस्नेच्या सिनेमात मोगली लांडग्यांकडे वाढतो हे सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकलंय. शेर खान परत आला अशी बातमी येते, कळपाची सभा भरते, पोराला माणसांच्या गावात पोचवायचं ठरतं, बघीरा त्याला घेऊन निघतो आणि लांडगे जे जातात ते पुन्हा दिसत नाहीत. आई नाही, भावंडं नाहीत, कळपाचा म्होरक्या अकेला नाही. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे मोगलीला जंगलातून बाहेर कसं काढायचं याचा प्रवास, वाटेत एकेक प्राणी भेटतो आणि एकेक गाणं होतं. मोगली तिथे पाहुणा आहे, बालूला सोडून जायचं नाही म्हणून हट्ट करणारा पाहुणा.

जपानी मालिकेत मोगली घरचा आहे. ५२ भागांमधला बराचसा वेळ तो कळपातच असतो, लांडग्यांच्या पिल्लांबरोबर खेळतो, भांडतो, शिकारीत कमी पडतो, जंगलाचा कायदा शिकतो, अकेलाचं ऐकतो आणि कधी ऐकत नाही. माणसाचं पोर कळपात का ठेवायचं हा प्रश्न एका सभेत सुटत नाही, तो पुन्हा पुन्हा निघतो. म्हणून ती मालिका आठवली की आपल्याला आधी एखादा प्रसंग आठवत नाही, त्या घराची आठवण येते.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 'का' या अजगरात. डिस्नेचा 'का' झाडावरून खाली उतरतो, डोळ्यांत रंगीत वर्तुळं फिरायला लागतात, अंगाईसारखं गाणं म्हणत तो मोगलीला गुंगवतो आणि झोपेतच त्याच्याभोवती वेटोळं घालतो. तो मोगलीला गिळायलाच आलेला आहे. २०१६ मध्येही तेच, फक्त तिथे 'का' मादी आहे आणि हिंदीत आवाज प्रियांका चोप्राचा. दूरदर्शनच्या मालिकेतला 'का' मात्र म्हातारा, शहाणा, मोगलीच्या बाजूचा. आणि ज्यावरून हे सगळं आलं त्या रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकातही तसाच आहे, माकडं मोगलीला पळवून पडक्या शहरात नेतात तेव्हा बालू आणि बघीरा मदत मागायला जातात ते 'का'कडेच, आणि त्याच्या त्या गुंगवणाऱ्या नाचाने माकडं जागच्या जागी थिजतात. म्हणजे गुंगवणं पुस्तकातलंच, पण ते कुणासाठी वापरलंय ते बघा. ज्या मुलांनी आधी डिस्ने बघितलंय ती मालिकेत 'का' दिसला की घाबरून बसतात, आता हा खाणार म्हणून, आणि आईबाबांनाही सांगता येत नाही की हा तो नव्हे. एवढं वाक्य आधी सांगून ठेवा, बाकी सगळं मुलं आपोआप धरतात.

बालूचंही थोडंफार असंच. पुस्तकात तो लांडग्यांच्या पिल्लांना कायदा शिकवणारा मास्तर आहे, मालिकेत त्याची ती बाजू टिकलीये, डिस्नेने त्याला मजेत जगणारा आळशी दोस्त केला. माझं मत विचाराल तर मास्तर बालूच जास्त प्रेमळ वाटतो.

बाकी फरक किरकोळ. डिस्नेचा राजा लुई पुस्तकात मुळातच नाही, आणि ओरांगउटान भारतात नसतो, म्हणून २०१६ मध्ये त्याचा जायगँटोपिथेकस, म्हणजे नामशेष झालेला महाकाय वानर केला. जपान्यांनीही मध्य भारताच्या जंगलात लाल पांडा आणून सोडलाय, तेव्हा भूगोलात दोघंही काठावर पास. जंगल म्हणजे शिवनीचं, मध्य प्रदेशातलं, आपल्या नागपूरकडच्या पेंचला लागूनच, आणि किपलिंग जन्मले मुंबईत, १८६५ मध्ये, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात.

घरी लावताना माझा क्रम ठरलेला आहे. अगदी लहान मुलं असतील तर १९६७ चाच लावा, लहान आहे, गाणी छान आहेत, पण 'आमच्या वेळचा मोगली' म्हणून दाखवू नका, स्वतंत्र सिनेमा म्हणून दाखवा, तो त्या मानाला पात्र आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना मालिका, हिंदीतच, रोज रात्री एक किंवा दोन भाग, आणि शीर्षकगीत दर भागाला पूर्ण ऐकायचं, स्किप करायचं नाही, यावर आमच्याकडे तडजोड होत नाही. एका दिवसात दहा भाग दाखवले तर कळपाची सवय लागायला वेळच मिळत नाही, आणि मग मुलं म्हणतात संथ आहे. २०१६ चा त्यानंतर, शेर खान अंगावर येतो त्यात, छोट्यांना झोप लागत नाही.

आणि शोधताना अजून एक जपा. 'जंगल बुक कार्टून' असं टाकलं की बऱ्याचदा थ्रीडी दिसणारी, चकचकीत मालिका पुढे येते, ती तिसरीच, २०१० च्या सुमारास सुरू झालेली, हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने केलेली. वाईट आहे असं नाही म्हणत, पण ती शोधत नव्हतात ना तुम्ही. चित्र हाताने काढलेलं आहे का बघा, आणि मोगलीकडे बूमरँग आहे का बघा. बूमरँग असेल तर बरोबर मालिका लागलीये, नसेल तर मागे जाऊन दुसरी लिंक उघडा.