कॅलाबार बी

नायजेरियाच्या आग्नेय भागातील कॅलाबार परिसरात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणाऱ्या, घेवड्याच्या कुलातील एका मोठ्या वेलीचे (फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम) हे विषारी बी आहे. ते सुमारे अडीच ते तीन सेंमी. लांब, गडद तपकिरी व टणक असून त्याच्या बाकदार कडेने एक लांब काळसर खाच गेलेली असते.

तेथील एफिक लोक त्याला ‘एसेरे’ म्हणत व त्याचा उपयोग दिव्यासाठी (अपराध ठरवण्याच्या जीवघेण्या कसोटीसाठी) करीत. चेटकाचा आळ आलेल्याला बी कुटून पाण्यात पाजले जाई; उलटी होऊन तो वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. निर्दोष माणूस निर्धास्तपणे एका दमात पितो म्हणून त्याला उलटी होते, असे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. परंतु या दिव्यात कितीतरी निरपराधांचे बळी गेले असणार, हे नजरेआड करता येत नाही.

एडिंबरोचे विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये बीचा सुमारे चौथा हिस्सा स्वतः खाऊन पाहिला आणि अशक्तपणा जाणवू लागताच दाढीचे साबणपाणी पिऊन उलटी काढली. १८६४ मध्ये बीतील फायसोस्टिग्मीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील नत्रयुक्त द्रव्य) वेगळे करण्यात आले. मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणारे ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन एरवी एका एंझाइमामुळे लगेच विघटित होते. फायसोस्टिग्मीन त्या एंझाइमाला अडवते, त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचत जाऊन लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू फडफडून लुळे पडतात आणि अखेरीस श्वास थांबतो.

मात्रा अल्प असेल तर हीच क्रिया उपचार ठरते. बीच्या अर्कातील, बाहुली आकुंचित करण्याच्या गुणाचा उपयोग १८६३ पासून नेत्रवैद्यकात होऊ लागला व १८७६ च्या सुमारास काचबिंदूवर हे औषध आले. ग्रिनिच येथील डॉक्टर मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या विकारात त्याचा गुण दाखवला, तर पुढच्याच वर्षी आफ्रिकी-अमेरिकी रसायनज्ञ पर्सी जुलियन यांनी योझेफ पिकल यांच्यासह त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. वर्णद्वेषामुळे विद्यापीठांची दारे बंद असलेल्या काळातील हे काम विशेष मोलाचे आहे. अल्झायमर विकारात दिले जाणारे रिव्हास्टिग्मीन याच रेणूच्या धर्तीवर घडवलेले आहे. ॲट्रोपीन हा फायसोस्टिग्मीनवरचा उतारा असून, उलट ॲट्रोपीनयुक्त धोत्र्याच्या तीव्र विषबाधेत निवडक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली फायसोस्टिग्मीन देतात.