ग्राफीन : आधारपट्टीच्या पृष्ठप्रक्रियेने विद्युत गुणधर्मांत बदल

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकपदरी थर. तो ज्या पट्टीवर (सबस्ट्रेट) बसवायचा, तिच्या पृष्ठभागावर आधी रासायनिक संस्कार करून ग्राफीनमधील विद्युतवहन हवे तसे वळवण्याची ही पद्धत आहे. थराची जाडी जेमतेम ०.३४ नॅनोमीटर. त्याला आत-बाहेर असे काही नाहीच, त्यामुळे खाली काय आहे ते प्रत्येक अणूला जाणवते.

नेहमीची पट्टी सिलिकॉनची, वर सुमारे ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड. एवढ्या ऑक्साइडवर ग्राफीन साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसते. पण त्या ऑक्साइडवर दर चौरस नॅनोमीटरला पाचेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असू शकतात आणि ते हवेतले पाणी धरून ठेवतात. हे पाणी आणि त्यातला ऑक्सिजन मिळून ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढतात, धन विवरे, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेल्या आणि धनभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा, वाढतात. गेटचा (ग्राफीनमधला प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या विद्युताग्राचा) व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना मिळणारे प्रवाहाचे आलेखही मग एकमेकांवर बसत नाहीत. गोव्यात हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही. आषाढात बरणीतले मीठ पाणावते, चिऱ्याच्या भिंतींना ओल येते. ताळगावच्या पठारावर किंवा झुआरीनगरात असे उपकरण उघड्या हवेत मोजले, तर आलेखात ग्राफीन किती आणि पावसाळा किती, हे आधी वेगळे करावे लागते.

सर्वांत सोपा उपाय हेक्सामिथाइलडायसिलाझेन या सिलिकॉनयुक्त रसायनाच्या वाफेचा. हायड्रॉक्सिलमधल्या हायड्रोजनची जागा मिथाइलयुक्त गट घेतात आणि पाणी अळवाच्या पानावरून ओघळावे तसे सुटते. आलेखांतली तफावत घटते, वाहकांची (इलेक्ट्रॉन व विवरांची) गतिशीलता, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर ते किती सहज सरकतात ते, सुधारते. पट्टीवर एकरेणवी (एका रेणूएवढ्या जाडीचा) थर उभा केला, तर त्याच्या टोकाचा गट कल ठरवतो : अमाइन (नायट्रोजनयुक्त गट) असेल तर ग्राफीनला इलेक्ट्रॉन मिळतात, फ्लोरीनयुक्त असेल तर विवरे. ऑक्सिजन प्लाझ्माने (विद्युतभारित ऑक्सिजन वायूने) पट्टी स्वच्छ होते खरी, पण हायड्रॉक्सिल गट वाढतात. नुसत्या प्लाझ्मावर थांबणे म्हणूनच दमट हवेत घातक.

या संस्कारांनी मुख्यतः फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती) सरकते, ऊर्जापट्ट्यांत, म्हणजे इलेक्ट्रॉनना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांत, प्रवाह थांबवू शकेल असे उपयोगी अंतर पडत नाही. त्यामुळे ग्राफीनचा ट्रान्झिस्टर पूर्ण बंद होत नाही ही अडचण तशीच राहते.

ऑक्साइडवर गतिशीलता साधारण १०,००० चौ. सेंमी. प्रति व्होल्ट-सेकंद असते. २०१० मध्ये षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या सपाट पट्टीवर ती ६०,००० पर्यंत पोचली. त्याआधी २००८ मध्ये खालचा आधारच कोरून काढून अधांतरी ठेवलेल्या ग्राफीनने, कमी तापमानात, २,००,००० चा आकडा गाठला होता.